दाढेतली चांदी

"डॉक्टर, या पाचही काढून टाका," असे म्हणून बाईंनी आ वासला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाई कराडच्याच एका शाळेतून निवृत्त झालेल्या. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलेले. दवाखाना आता माझी सून चालवते. ‘थोरल्या डॉक्टरांनाच दाखवायचंय’ म्हणणारी काही जुनी मंडळी अजून येतात, म्हणून मी आठवड्यातून दोन सकाळी जाऊन बसतो. बाईंच्या दाढांमधल्या त्या पाच ‘चांद्या’ १९८८ साली मीच भरलेल्या होत्या. काळवंडल्या होत्या, पण चार तरी अगदी धडधाकट दिसत होत्या.

मी म्हटले, "बाई, दुखतंय का काही?"

"दुखत काही नाही. पण हे वाचा." त्यांनी मोबाइल पुढे केला. जर्मनीत असलेल्या भाच्याने पाठवलेली बातमी होती. अगदी वैद्यकीय गरज असल्याखेरीज दातांत पारामिश्रित चांदी भरायला युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून बंदी घातली, अशी. बातमी खरी होती. मी मोबाइल परत दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिकडे जे भरायला बंदी आहे, ते माझ्या तोंडात सदतीस वर्षं आहे. आणि यात पारा असतो हे तेव्हा तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेच सांगितले नव्हते. त्यांनाच काय, गेल्या कित्येक वर्षांत ज्या हजारो दाढा मी भरल्या, त्यांपैकी कुणालाच सांगितले नव्हते. आम्ही ‘चांदी भरतो’ म्हणायचो, लोक ‘चांदी भरून घेतली’ म्हणायचे. ज्याला शास्त्रात अमाल्गम म्हणतात त्या मिश्रणात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबे आणि कधी थोडे जस्त. पण नाव मात्र चांदीचे. चांदी म्हटले की गिऱ्हाईक निश्चिंत, आणि डॉक्टरही.

बाईंना मी त्या दिवशी काय सांगितले ते शेवटी सांगतो. त्याआधी हा सगळा हिशेब एकदा मांडायला हवा. तो बाईंच्या इतकाच माझ्यासाठीही मांडतो आहे.

रुपयाच्या कीसातून

पारा आणि चांदी एकत्र खलून त्यांचा लगदा दातात भरायची कल्पना जुनी आहे. चीनमध्ये सातव्या शतकातल्या एका औषधिग्रंथात अशा रौप्य-लगद्याचा उल्लेख सापडतो. युरोपात १८२६ साली पॅरिसच्या ऑग्युस्त तव्हो याने चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरण्याची शिफारस केली. त्यापूर्वी दात भरणे म्हणजे सोन्याचा पत्रा ठोकून ठोकून बसवणे. ते श्रीमंतांचे काम. गरिबाची दाढ दुखली की ती उपटायची, एवढाच इलाज.

१८३३ साली क्रॉकोर नावाचे भाऊ हा लगदा घेऊन अमेरिकेत गेले. त्यांनी त्याला मोठे राजेशाही नाव दिले, जाहिराती केल्या आणि कीड पुरती न काढताच भराभर दाढा भरल्या. सोने भरणाऱ्या दंतवैद्यांचे पित्त खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ साली सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची शपथच लिहून घेतली. या भांडणात पाऱ्याच्या विषाची भीती होती तशी धंद्याची धास्तीही होती. कुठली किती, हे वेगळे करणे अवघड. भांडण इतके विकोपाला गेले की १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली. लोकांना परवडणारी वस्तू जिंकली.

पुढे १८९० च्या दशकात ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या शिकागोच्या दंतवैद्याने धातूंचे प्रमाण नीट बसवले. अमाल्गम घट्ट होताना फार आकसू नये आणि फार फुगूही नये, यासाठी त्याने चिकाटीने मापे घेतली. १९६० च्या दशकात कॅनडात तांब्याचे प्रमाण वाढवलेली मिश्रणे निघाली. कथील आणि पारा मिळून जो कमकुवत, लवकर गंजणारा भाग तयार होई, तो त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला आणि अमाल्गम आणखी टिकाऊ बनले.

दाढेसाठी ही वस्तू विलक्षण सोयीची होती हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे. थोडी लाळ लागली तरी ती बसते. चावण्याचा जोर सोसते. दात आणि भरण यांच्यामधल्या फटीत तिचाच गंज हळूहळू साठतो आणि फट बुजवतो. गंजाने भले केल्याचे असे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तिचा दोष एवढाच की ती दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा कोरावा लागतो, आणि त्यापायी दाताचा चांगला भागही जातो. शिवाय दिसायला काळी. पण दाढ कोण बघतो?

हातावरचा पारा

मी मुंबईत शिकलो आणि १९७६ साली कराडला दवाखाना थाटला. मदतीला एक गृहस्थ मिळाले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत, मीही म्हणू लागलो.

चांदी तयार करण्याचे काम मामांचे. काचेच्या लहान खलात धातूची पूड घ्यायची, बाटलीतून पाऱ्याचे थेंब टाकायचे आणि बत्त्याने घोटायचे. लगदा चकाकू लागला की तो डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या अंगठ्याने मळायचा. मळताना त्यातून करकर असा बारीक आवाज येतो. तो आला की माल जमला. मग फडक्यात घालून पिळायचा. जादा पारा फडक्यातून मण्यांसारखा टपटप वाटीत पडे. तो पुन्हा बाटलीत. काही मणी वाटीबाहेर उडत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत जाऊन बसत. हातमोजा नाही, पंखा वरून गरगरतोय, खिडकी धूळ येते म्हणून बंद. दिवसाला असे दहा-पंधरा गोळे. असे सोळा वर्षे चालले.

बाजारच्या दिवशी आईबापांबरोबर आलेली पोरे मामांच्या भोवती जमत. मामा मोठे प्रेमळ. रडणाऱ्या पोराला गप्प करायला ते काड्यापेटीत पाऱ्याचा एक थेंब घालून देत. पोरगे हरखून जाई. थेंब फोडला की दोन, दोघांना ढकलले की पुन्हा एक. माझा थोरला मुलगाही त्या काड्यापेटीशी खेळला आहे. मी समोर असायचो. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

एकदा माझ्या लग्नातल्या अंगठीला पारा लागला. सोने पांढरे पडले. सोनाराकडे गेलो. त्याने ती बागेसरीवर धरून तापवली, पारा उडून गेला आणि अंगठी पुन्हा पिवळी झाली. मी खूश होऊन घरी आलो. उडून गेलेला पारा कुठे गेला, याचा विचार मी केला नाही. तो त्या सोनाराच्या छातीत गेला असणार.

पाऱ्याची खोडी हीच आहे. गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. पण तो साध्या खोलीच्या उष्णतेलाही मंदपणे उडत असतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात राहते, आणि तिथून ती मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचते. हातांना कंप, चिडचिड, झोप न लागणे, विसराळूपणा, हिरड्या सुजणे ही जुनाट पाराबाधेची लक्षणे. आल्फ्रेड श्टोक हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पाऱ्यात काम करून स्वतःच आजारी पडला आणि १९२६ साली त्याने पाऱ्याच्या वाफेबद्दल जगाला सावध केले. दातांतल्या अमाल्गमवरही त्याने बोट ठेवले होते. हे माझ्या शिक्षणाच्या पन्नास वर्षे आधीचे. खलातले अमाल्गम कसे घोटायचे यावर आमची परीक्षा झाली. ते घोटणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मला कुणी विचारल्याचे आठवत नाही.

डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तुमच्या तोंडात विष आहे काय, असा सवाल केला आणि तिकडे मोठी खळबळ उडाली. त्या गदारोळाचे पडसाद वाचूनच मी जागा झालो. १९९२ साली मी बंद कुपीतले तयार मापाचे अमाल्गम आणि ते घुसळणारे यंत्र आणले. कुपीत पारा आणि पूड यांच्यामध्ये पडदा असतो. यंत्रात तो फुटतो, आतल्या आत मिश्रण होते, हात लागतच नाही. मामा यंत्राकडे बघून हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सोळा वर्षं हातात घेतोय. काय झालं मला?"

१९९६ मध्ये मामा काम सोडून गावी गेले. दोन-तीन वर्षांनी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी खडखड वाजत होती. गावच्या डॉक्टरांनी वयाचा कंप म्हणून सांगितले होते. तो वयाचाही असू शकेल. त्या वयात अनेकांचे हात कापतात. पण काम चालू असताना लघवीतला पारा मोजला असता तर खरे काय ते कळले असते. ती तपासणी मी कधी करून घेतली नाही. मामांची नाही आणि माझी स्वतःचीही नाही. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या अधिवेशनांत येणाऱ्या सभासदांच्या लघवीतला पारा अनेक वर्षे मोजला जाई, आणि कुप्या आल्या, हाताळणी सुधारली, तसा तो दशकागणिक घटत गेल्याचे त्या नोंदींत दिसते. म्हणजे धोका होता, मोजता येत होता आणि कमीही करता येत होता. मामा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली.

मुलांच्या तोंडांतला हिशेब

मग ज्यांच्या तोंडात ही चांदी बसली आहे, त्यांचे काय? चावताना, दात घासताना, गरम चहा पिताना भरणातून थोडी वाफ सुटते, यात शंका नाही. ज्यांच्या तोंडात अशी भरणे जास्त, त्यांच्या लघवीत पारा किंचित जास्त सापडतो. प्रश्न असा की तेवढ्याने अपाय होतो का?

याचे उत्तर शोधायला दोन मोठे प्रयोग झाले. एक अमेरिकेत, बॉस्टनचा परिसर आणि मेन राज्यात: ६ ते १० वर्षांची ५३४ मुले. दुसरा पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या कासा पिया या संस्थेच्या शाळांत: ८ ते १० वर्षांची ५०७ मुले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून निम्म्यांच्या किडक्या दाढा अमाल्गमने भरल्या, निम्म्यांच्या पांढऱ्या रेझिनच्या मिश्रणाने, म्हणजे कॉम्पोझिटने. अमेरिकेतल्या मुलांवर पाच वर्षे, लिस्बनच्या मुलांवर सात वर्षे नजर ठेवली. बुद्ध्यंक, स्मरण, लक्ष, मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग, मूत्रपिंडांचे काम असे बरेच काही मोजले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमाल्गमवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त होता, पण बुद्धीत वा मज्जासंस्थेच्या कामात दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. लिस्बनच्या संस्थेत अनाथ, गरीब घरची मुले होती. त्यांच्यावर असा प्रयोग करावा का, यावर टीका झाली आणि ती टीका रास्त होती. पण निष्कर्ष हाती आहेत, आणि ते बाजूला सारता येत नाहीत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये याच धोरणाने सल्ला दिला. गरोदर आणि स्तनदा माता, मूल हवे असणाऱ्या स्त्रिया, मुले आणि विशेषतः सहा वर्षांखालची, मज्जासंस्थेचे विकार असलेले, मूत्रपिंडे कमजोर असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना शक्य तिथे नवे अमाल्गम भरू नये. पण ज्यांच्या तोंडात जुने भरण सुस्थितीत आहे, त्यांनी वैद्यकीय गरज नसता ते काढून घेऊ नये. याचे कारण सरळ आहे. घट्ट बसलेले भरण वेगाने फिरणाऱ्या मशीनने फोडले की ते तापते, त्याची पूड उडते आणि एरवी हळूहळू सुटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त वाफ थोड्या वेळासाठी सुटते. शिवाय भरणाबरोबर भोवतालचा चांगला दातही थोडा कोरला जातो. भीतीपोटी धडधाकट चांदी काढून घेणारा माणूस ज्याला भितो तेच ओढवून घेतो.

पांढऱ्याचीही एक बाजू

"मग पांढरं भरा ना!" असे आता सगळेच म्हणतात, आणि माझी सूनही तेच भरते. त्याचीही हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर याने दाखवले की दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन त्यांत घट्ट रुतून बसते. १९६२ मध्ये राफाएल बोवेन याने दातांना चालेल असे रेझिन शोधले. त्यात काचेसारखी बारीक पूड मिसळली की कॉम्पोझिट झाले. निळा प्रकाश टाकला की ते कडक होते. दाताला चिकटते, म्हणून चांगला भाग कोरावा लागत नाही. रंग दाताचा. हे सगळे गुण खरे.

पण त्याला शिस्त लागते. कडक होताना ते दोन-तीन टक्के आकसते, म्हणून साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरावे लागते आणि प्रत्येक थरावर प्रकाश द्यावा लागतो. लाळेचा एक थेंब आत शिरला तर पकड सुटते. कड उघडी पडली की खालून पुन्हा कीड. लिस्बनच्याच मुलांमध्ये अमाल्गमची ९४.४ टक्के भरणे टिकली, कॉम्पोझिटची ८५.५ टक्के, आणि जी गेली त्यांत पुन्हा लागलेल्या किडीचा वाटा मोठा होता. पुढे साहित्य सुधारले, हात बसले, हे खरे. तरीही घाईगर्दीच्या दवाखान्यात, ओल्या तोंडात, एका दमात कोंबलेले पांढरे भरण हे चांगल्या काळ्या भरणापेक्षा वाईटच.

आणि सुरक्षिततेचा प्रश्न पांढऱ्यालाही सुटलेला नाही. यातली बरीचशी रेझिने बिस्फेनॉल-ए या द्रव्यापासून बनतात. हे द्रव्य शरीरातल्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखे वागू शकते. १९९६ साली स्पेनमधल्या ग्रानाडाच्या संशोधकांना दाढांवर रेझिनचा लेप दिल्यानंतर लाळेत ते सापडले. प्रमाण अल्प असते आणि पहिल्या काही तासांत बहुतेक निघून जाते. भरण झाल्यावर पृष्ठभाग पुसून घेतला आणि चूळ भरली तर ते आणखी घटते. पण वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या त्याच ५३४ मुलांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा एका प्रकारची रेझिनची भरणे जास्त असलेल्या मुलांच्या वर्तनाचे गुण थोडे कमी भरले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. मात्र पांढरे म्हणजे निष्पाप, हे गृहीत धरणे म्हणजे चांदी म्हणजे निष्पाप, या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती आहे.

तिसरा एक साधा पर्याय आहे, त्याला लोक ‘सिमेंट’ म्हणतात. ग्लास आयोनोमर. लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी १९७२ साली तो जगापुढे मांडला. तो दाताला आपोआप चिकटतो, थोडे फ्लोराइड सोडतो, पण दाढेवरच्या जोराखाली लवकर झिजतो. १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या गावांमध्ये केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत सुरू झाली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. मशीन नाही, घरघर नाही, बहुतेकदा इंजेक्शनही नाही. भारनियमनाच्या काळात मी ही पद्धत शिकलो आणि दुधाच्या दाढांसाठी ती मला फार उपयोगी पडली. मुले तर खुर्चीतून हसत उतरत.

सुरक्षित, पण कुणाला?

मग जगाने अमाल्गम बंद करायचे का ठरवले, हा बाईंचा प्रश्न उरतोच. तोंडातल्या भरणापासून रुग्णाला ठोस अपाय दिसला नाही, तर बंदी कशाला?

त्याचे उत्तर दाढेत नाही, मोरीत आहे. प्रत्येक भरणाच्या वेळी उरलेला लगदा, कोरलेली पूड, चूळ भरून थुंकलेले कण, सगळे आमच्या बेसिनमधून गटारात जात होते. कराडचे गटार शेवटी कुठे जाते, हे कराडकराला सांगायला नको. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी फिरायला जाणारा मीही त्यात माझा वाटा टाकत होतो. पाण्यातले जंतू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. ते माशांत साठते, माशांतून माणसांत येते. जपानमधल्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याने खाडीत सोडलेल्या मिथिल-पाऱ्याने काय झाले ते १९५६ पासून जगाने पाहिले आहे: लुळी पडलेली माणसे आणि आईच्या पोटातच बाधा झालेली बाळे. अमाल्गममधला पारा हा त्या जातीचा नाही, हे खरे. पण एकदा नदीत गेला की तो कुठली जात घेईल, हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय चांदी भरलेला माणूस सरणावर गेला की ती चांदी त्याच्याबरोबर तापते आणि पारा हवेत जातो.

म्हणूनच पाऱ्यावरच्या जागतिक कराराला मिनामाताचे नाव मिळाले. तो २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा, असे आधी ठरले. २०२२ साली बालीच्या बैठकीत दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये आणि पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर व स्तनदा माता यांना गरजेखेरीज अमाल्गम भरू नये, असे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ ही अखेरची मुदत घालण्यात आली. नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्ये हे आधीच केले होते.

माझे मत विचाराल तर हा निर्णय योग्य आहे. पण तो समजून घेतला पाहिजे. ‘सुरक्षित’ हा शब्द आम्ही डॉक्टर मंडळी खुर्चीत बसलेल्या माणसापुरता वापरत आलो. खुर्चीमागे उभा राहून लगदा मळणारा, अंगठी तापवून देणारा सोनार, काड्यापेटीशी खेळणारे पोर, नदीतला मासा आणि तो खाणारा भोई, हे त्या शब्दाच्या बाहेर राहिले. बाईंच्या दाढेतली चांदी बाईंपुरती सुरक्षित होती. मामांपुरती होती असे मी म्हणू शकत नाही.

आता बाईंना काय सांगितले ते. मी म्हणालो, "बाई, यात पारा आहे हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलो. पण चार भरणं चांगली आहेत, त्यांना हात लावू नका. पाचवीची कड तुटली आहे आणि खाली कीड आहे. ती मात्र काढू."

ती सुनेने काढली. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, पाण्याचा फवारा आणि शोषनळी चालू ठेवली, भरण चुरा करण्याऐवजी तुकड्यांनी सोडवले आणि ते तुकडे गटारात न सोडता बंद बरणीत ठेवले. मग थराथराने पांढरे भरले. चांगला पाऊण तास गेला. बाईंनी आरशात पाहिले आणि म्हणाल्या, "उरलेल्या चारांचं काही झालं तर?" मी म्हटले, "दर सहा महिन्यांनी दाखवा. आणि चहातली साखर कमी करा." त्या हसल्या. कारण उसाच्या या मुलखात सर्वांत चांगला पदार्थ, ना गंजणारा ना आकसणारा, तो दाताचे स्वतःचे कवच हाच आहे, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? ते शाबूत राहिले तर बाकी सगळी चर्चा अनावश्यक.

वाचकांना एवढेच सांगेन. दाढ भरायला जाल तेव्हा काय भरता, ते का, त्यात काय असते आणि उरलेले कुठे जाते, हे विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. मला कुणी विचारले असते तर कदाचित मामांच्या हातात मोजे सोळा वर्षे आधी आले असते.

दवाखान्याचे जुने कपाट आवरताना सुनेला मागच्या खणात मामांची पाऱ्याची बाटली सापडली. औषधाची लहानशी बाटली, पण पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने उचलताना हात दचकतो. "बाबा, हिचं काय करायचं?" तिने विचारले. पूर्वी असती तर मी सहज मोरीत ओतली असती. आता झाकण पक्के बंद करून, एका मोठ्या बरणीत ठेवून, वर ‘पारा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडे ती देण्याची व्यवस्था सुनेने लावली आहे. त्यांची गाडी येईपर्यंत ती कपाटातच आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.